कंपायलरच्या पोटातली पवई

धाराशिवच्या तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेचा एखादा विद्यार्थी लिनक्सवर सी भाषेतला प्रोग्रॅम लिहितो, जीसीसी या कंपायलरला, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाला, ‘ओ-टू’ हा वेग वाढवण्याचा पर्याय देतो आणि एंटर दाबतो. निमिषभरात उत्तर समोर येतं. त्या निमिषात कंपायलरच्या आत कितीतरी टप्पे पार पडलेले असतात. त्यांतल्या एका टप्प्याचा कोड ‘जीसीएसई’ नावाच्या फाइलमध्ये आहे. जीसीसीचा मूळ कोड कुणालाही उघडून पाहता येतो, त्यामुळे ही फाइलही पाहता येते. तिच्या माथ्यावर एक लांबलचक टीप आहे. हे तंत्र कोणकोणत्या शोधनिबंधांच्या आधारे उभं राहिलं, त्याची ती यादी आहे. तिच्यात डी. एम. ढमढेरे हे नाव दोनदा येतं, एकदा ऑक्टोबर १९८८च्या आणि एकदा एप्रिल १९९१च्या निबंधापुढे.

धनंजय ढमढेरे हे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक होते. ज्या फाइलवर त्यांचं नाव आहे ती एकट्या सी भाषेच्या चाकरीत नाही. सी++, फोरट्रान, एडा, गो, डी अशा कुठल्याही भाषेतला प्रोग्रॅम जीसीसीतून वेग वाढवण्यासाठी पुढे गेला की तो याच टप्प्यातून जातो. सगळ्या भाषांनी एकच बॅक एंड, म्हणजे कंपायलरचा एकच मागचा भाग, वापरायचा, ही कल्पना प्रत्यक्षात यायला तीस वर्षं लागली. त्या तीस वर्षांतला एक पदर मुंबईत विणला गेला आणि पुढे पुण्यापर्यंत पोचला. आपल्याकडे त्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे.

मुळात अडचण काय होती? १९५०च्या दशकाच्या अखेरीस संगणकाच्या नव्या नव्या भाषा निघत होत्या आणि नवी नवी यंत्रंही. प्रत्येक भाषेसाठी प्रत्येक यंत्रावर वेगळा कंपायलर लिहायचा म्हटलं, तर पाच भाषा आणि सहा यंत्रं यांना तीस कंपायलर लागतात. एकेका कंपायलरमागे माणसांची वर्षं जात होती. अमेरिकेत आयबीएमची यंत्रं वापरणाऱ्यांचा ‘शेअर’ नावाचा गट होता. त्याच्या समितीनं ऑगस्ट १९५८मध्ये एक उपाय छापून मांडला. सगळ्या भाषा आधी एका मधल्या भाषेत आणायच्या आणि त्या मधल्या भाषेतून प्रत्येक यंत्राची भाषा काढायची. मग तीसऐवजी अकराच तुकडे लिहावे लागतात. या मधल्या भाषेला त्यांनी ‘अनकॉल’ असं नाव दिलं होतं.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात ही युक्ती उमरग्याच्या मोंढ्यावर सहज समजते. सीमेपलीकडून आलेला शेतकरी कन्नडमध्ये बोलतो, कुणी दखनीत, कुणी मराठीत. आडतीवर मात्र प्रत्येकाच्या तुरीचा हिशेब एकाच वहीत, एकाच पद्धतीनं मांडला जातो. पुढे माल लातूरला जायचा की सोलापूरला की हैदराबादला, हे त्या वहीवरूनच ठरतं. कन्नड बोलणाऱ्यांसाठी एक वही आणि हैदराबादच्या मालासाठी दुसरी, असं कुणी करत बसत नाही. कंपायलरमध्ये बोलणं ऐकून घेणारा तो फ्रंट एंड, वहीपासून मालाच्या रवानगीपर्यंतचं सगळं सांभाळणारा तो बॅक एंड.

अनकॉल मात्र कागदावरच राहिली. प्रत्येक भाषेच्या आणि प्रत्येक यंत्राच्या लकबी पोटात घेईल अशी एकच भाषा आधीच ठरवून टाकणं कुणालाच जमलं नाही. मला विशेष वाटतं ते त्या वर्षाचं. अनकॉलचा प्रस्ताव छापला गेला त्याच्या थोडंच आधी, जुलै १९५८मध्ये, वरळीच्या सास्मिरा इमारतीत शंभर विद्यार्थ्यांना घेऊन मुंबईची आयआयटी सुरू झाली होती. पवईच्या इमारती तेव्हा उभ्या राहायच्या होत्या. पंडित नेहरूंनी तिथे कोनशिला बसवली ती मार्च १९५९मध्ये.

या गोष्टीत पहिलं भारतीय नाव मात्र पवईचं नाही, कुलाब्याचं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संगणक गटातले केशव नोरी १९७०च्या दशकात झुरिकच्या तंत्रविद्यापीठात गेले. निकलाउस विर्थ तिथे पास्कल भाषा घडवत होते. पास्कल जगभर पसरावी असं त्यांना वाटत होतं, पण प्रत्येक विद्यापीठाचं यंत्र वेगळं. मग एका काल्पनिक यंत्राची भाषा ठरवण्यात आली. तिला पुढे ‘पी-कोड’ म्हणू लागले. पास्कलचा कंपायलर या काल्पनिक यंत्रासाठी कोड काढायचा. ज्याला पास्कल हवी त्यानं त्या काल्पनिक यंत्राची नक्कल करणारा छोटासा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर लिहायचा, की काम झालं. या संचाच्या १९७४च्या टिपणावर नोरी यांचं नाव आहे आणि नंतरच्या पी-४ कंपायलरच्या मूळ कोडच्या माथ्यावर उर्स आमान, केशव नोरी, क्रिस्टियान याकोबी अशी तीन नावं आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेनं याच वाटेनं पास्कल छोट्या संगणकांवर नेली आणि १९७९मध्ये ती ॲपलच्या यंत्रावरही पोचली. अनकॉलवाल्यांना सगळ्या भाषांची मोट बांधायची होती. पास्कलवाल्यांनी एकच भाषा घेतली आणि तिला सगळ्या यंत्रांवर नेलं. स्वप्न अर्धंच पुरं झालं, पण मधली भाषा व्यवहारात चालते हे जगानं पाहिलं. नोरी पुढे पुण्याला, टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात आले.

उरलेलं अर्धं स्वप्न ॲम्स्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबाउम यांच्या गटानं हाती घेतलं. अनेक भाषा, अनेक यंत्रं आणि मध्ये एकच भाषा, असा त्यांचा कंपायलर-संच १९८३मध्ये शोधपत्रिकेत आला. त्याच वर्षी अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सगळी प्रणाली अशी हवी की तिचा मूळ कोड कुणालाही पाहता, बदलता आणि वाटता यावा, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी आधी कंपायलर लागणार होता. त्यांनी टॅनेनबाउम यांच्याकडे विचारणा केली, तेव्हा तो संच तसा मोकळा नसल्याचं कळलं. मग त्यांनी लिव्हरमोर प्रयोगशाळेतला पेस्टल नावाचा कंपायलर मिळवला, त्याला सी भाषेचा फ्रंट एंड लिहून जोडला आणि तो मोटोरोलाच्या ६८००० या चिपवर न्यायला घेतला. तिथे गाडी अडली. पेस्टलला कित्येक मेगाबाइट स्टॅक (कामापुरती स्मृती) लागायचा आणि हाताशी असलेलं युनिक्स चौसष्ट किलोबाइटच्या वर देत नव्हतं.

पेस्टल सोडून द्यावा लागला, पण त्याच्यासाठी लिहिलेला सीचा फ्रंट एंड वाया गेला नाही. स्टॉलमन यांनी नवा बॅक एंड लिहिला आणि जुना फ्रंट एंड थोडा बदलून त्यावर बसवला. पुढचा तुकडा मागच्यापासून सोडवून दुसऱ्या मागच्या तुकड्यावर चढवता येतो, याचं याहून चोख प्रात्यक्षिक मला माहीत नाही. १९८७च्या मार्चमध्ये जीसीसी लोकांपुढे आला. त्याच वर्षी मायकेल टीमन यांनी त्याला सी++चा फ्रंट एंड जोडला. ऑब्जेक्टिव्ह-सीचा फ्रंट एंड स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीनं केला. कंपनीला तो बंद ठेवायचा होता, पण ज्याच्या बॅक एंडवर तो चालणार त्याच्या परवान्यातच अट होती, की जोडकामही खुलं करावं लागेल. कंपनीला तो खुला करावा लागला. सामायिक बॅक एंडचा हा परिणाम मला तांत्रिक सोयीइतकाच मोलाचा वाटतो. एकानं केलेली मेहनत सगळ्यांकडे पोचते, कारण ती सगळ्यांच्या वाटेवर ठेवलेली असते.

आता पवईकडे येऊ. आयआयटीच्या संगणक केंद्रात आधी मिन्स्क हा सोव्हिएत संगणक होता, नंतर ईसी-१०३० हाही सोव्हिएत गटातलाच. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांच्या मानानं ही यंत्रं मंद आणि मोजक्या स्मृतीची. कंपायलरनं काढलेला कोड काटकसरीचा असावा, याची कळकळ अशा यंत्रावर काम करणाऱ्याला अधिक असते असं माझं मत आहे. १९८०मध्ये ढमढेरे आणि प्रा. जे. आर. आयझॅक यांचा एक निबंध आला. प्रोग्रॅममधली गणितं कमी खर्चाच्या जागी हलवण्याची आणि महागडी क्रिया स्वस्त क्रियेनं बदलण्याची, अशी दोन्ही कामं एकाच पद्धतीत बसवण्याचा तो प्रयत्न होता. १९८२मध्ये एस. एम. जोशी या सहकाऱ्याबरोबर त्यांनी ती वाट आणखी पुढे नेली.

हे काम नेमकं काय, ते एका छोट्या उदाहरणावरून पाहू. प्रोग्रॅममध्ये एक अट आहे. अट खरी ठरली तर डाव्या वाटेनं जायचं, आणि तिथे अ गुणिले ब हे गणित होतं. अट खोटी ठरली तर उजव्या वाटेनं, तिथे ते होत नाही. दोन्ही वाटा पुढे एकत्र येतात आणि तिथे पुन्हा अ गुणिले ब करायचं आहे. डावीकडून आलेल्याचं गणित एकदा झालेलंच असतं, त्याच्यासाठी दुसरं गणित फुकट. उजवीकडून आलेल्याला मात्र ते लागतंच. म्हणजे हे गणित पूर्ण फालतू नाही, अर्धवट फालतू आहे. एटिएन मोरेल आणि क्लोद रन्व्हॉइझ या दोन फ्रेंच संशोधकांनी १९७९मध्ये उपाय सांगितला. उजव्या वाटेवर ते गणित मुद्दाम घालायचं, उत्तर एका जागी ठेवायचं आणि खालचं गणित काढून टाकायचं. कुठल्याही वाटेनं आलात तरी गुणाकार एकदाच. हेच गणित दहा हजार वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये असेल, तर केवढा फरक पडतो ते सांगायला नको.

मोरेल आणि रन्व्हॉइझ यांच्या पद्धतीत दोन खोचा होत्या. नवं गणित त्यांना कोडच्या एखाद्या सलग तुकड्याच्या शेवटीच घालता यायचं. जिथून अनेक वाटा फुटतात अशा जागेपासून जिथे अनेक वाटा मिळतात अशा जागेकडे जाणारा रस्ता असेल, तर ते घालायला सोयीची जागाच नसायची. अलीकडे घातलं तर दुसऱ्या फाट्यानं जाणाऱ्याच्या गळ्यात ते विनाकारण पडतं, पलीकडे घातलं तर दुसरीकडून येणाऱ्याच्या. ढमढेरे यांनी सांगितलं, की तो रस्ताच मध्ये तोडा, तिथे एक नवा छोटा तुकडा बसवा आणि गणित त्यात ठेवा. जीसीसीच्या त्या फाइलच्या यादीतल्या १९८८ आणि १९९१च्या निबंधांचा गाभा असा आहे. दुसरी खोच अशी, की त्या पद्धतीत माहिती प्रोग्रॅममधून पुढेही वाहते आणि मागेही, त्यामुळे हिशेब किचकट होतो. हा दुहेरी प्रवाह का किचकट आहे आणि त्याला किती खर्च येतो, याचा सर्वसाधारण सिद्धान्त ढमढेरे यांनी १९९४मध्ये एसीएम या संगणकशास्त्राच्या संघटनेच्या शोधपत्रिकेत मांडला. त्या निबंधात त्यांच्याबरोबर होते त्यांचे विद्यार्थी उदय खेडकर.

हिशेब नीट सांगायचा तर जीसीसीत प्रत्यक्ष बसलेली पद्धत क्नूप, र्युथिंग आणि स्टेफन या तीन जर्मन संशोधकांच्या १९९२च्या निबंधावर आधारलेली आहे. त्यांनी पुढचा आणि मागचा प्रवाह वेगवेगळा केला. पण त्यांच्यापर्यंतचा रस्ता ज्यांनी बांधला त्यांत ढमढेरे आहेत, आणि १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती फाइल लिहिणाऱ्यांनी त्यांचं ऋण नावानिशी नोंदवून ठेवलं. पवईत कागदावर सोडवलेला प्रश्न असा सगळ्या भाषांच्या सामायिक वाटेवर येऊन बसला. प्रत्येक भाषेचा कंपायलर वेगळा असता, तर ही सुधारणा सीला मिळाली असती, फोरट्रानला कदाचित दहा वर्षांनी, आणि एडाला कधीच नाही.

ढमढेरे यांचं दुसरं मोठं काम पुस्तकांचं. कंपायलर-रचनेवरचं त्यांचं पुस्तक १९८३मध्ये निघालं आणि सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगवरचं टाटा मॅग्रॉ-हिलचं पुस्तक तर राज्यभरातल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी वर्षानुवर्षं वाचलं. माणसाला जे म्हणायचं असतं आणि यंत्राला जे कळतं त्यांच्यात एक दरी असते, तिचे दोन भाग पाडले की मधली कामं कशी वाटून घेता येतात, हे त्यांनी त्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच उलगडून दाखवलं आहे. दरीचे दोन भाग पाडणं हीच फ्रंट एंड आणि बॅक एंड यांची मूळ कल्पना. परीक्षेसाठी ती व्याख्या पाठ करणाऱ्या किती मुलांना ठाऊक असेल, की या लेखकाचं नाव आपण रोज चालवतो त्या कंपायलरच्या कोडमध्येही आहे? त्यांना हे वर्गात सांगितलं गेलं पाहिजे.

इकडे जीसीसीचा पसारा वाढत होता. १९९७मध्ये काही मंडळींनी ईजीसीएस नावानं वेगळी चूल मांडली आणि १९९९मध्ये तीच अधिकृत जीसीसी ठरली. नावातला ‘सी कंपायलर’ जाऊन ‘कंपायलर संग्रह’ आलं. एक उणीव राहिली होती. स्टॉलमन यांची मधली भाषा, आरटीएल, यंत्राच्या फार जवळची होती. प्रोग्रॅमरनं रचलेल्या ॲरे आणि स्ट्रक्चर यांचा आकार तिच्यात विरघळून जायचा. एप्रिल २००५च्या ४.० आवृत्तीत जिंपल नावाची वरच्या पातळीची सामायिक भाषा आली. मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात लॉरी हेन्ड्रेन यांच्या गटानं केलेल्या कामाचा तिला आधार होता. आता प्रत्येक भाषेचा प्रोग्रॅम आधी जिंपलमध्ये येतो, तिथे एक मोठी सफाई, म्हणजे कोड वेगवान करण्याचं काम, होते, मग तो आरटीएलमध्ये उतरतो आणि तिथे दुसरी. ढमढेरे यांच्या नावाची फाइल या खालच्या मजल्यावर आहे.

एवढं मोठं यंत्र उघडं असलं तरी कळायला सोपं नव्हतं. लाखो ओळी आणि त्या समजावून सांगणारं फार थोडं. पुणे विद्यापीठात शिकवून पवईला आलेल्या उदय खेडकर यांनी हे काम अंगावर घेतलं. केंद्र सरकारच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या राष्ट्रीय उपक्रमातून आयआयटीत जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं. २००९मध्ये अमिताभ सान्याल आणि बागेश्री करकरे यांच्याबरोबर खेडकर यांचं डेटा फ्लो ॲनालिसिसवरचं पुस्तक आलं आणि त्याला जोडून प्रवाह-विश्लेषणाचा एक सर्वसाधारण संच त्यांनी जीसीसीवर बसवून दाखवला. २०११ आणि २०१२च्या पावसाळ्यात त्यांच्या गटानं पवईत जीसीसीवर कार्यशाळा घेतल्या.

त्या कार्यशाळांची शिकवण्याची रीत मला फार आवडते. आधी कोडला हातच लावायचा नाही. पाच-दहा ओळींचा प्रोग्रॅम घ्यायचा, प्रत्येक टप्प्यानंतर त्याचं काय झालं ते कंपायलरलाच लिहून काढायला सांगायचं आणि ते कागद एकापुढे एक ठेवून वाचायचे. कंपायलरचं पोट न फाडता आतलं काम पाहायचं. मग दुसरा धडा नव्या यंत्राचा. स्पिम नावाचं शिकण्यासाठी वापरलं जाणारं यंत्र घ्यायचं आणि त्याचं वर्णन जीसीसीला पायरीपायरीनं द्यायचं. आधी नुसती चलाला किंमत देण्यापुरतं, नंतर अंकगणित, मग फंक्शन आणि अटी. एकेक पायरी झाली की तेवढ्यापुरता कंपायलर चालू. यंत्राचं वर्णन पूर्ण झालं की त्या यंत्रासाठी सीचा कंपायलर तर तयार झालेला असतोच, दुसऱ्या भाषांचा रस्ताही मोकळा होतो. तीसऐवजी अकरा, हा १९५८चा हिशेब विद्यार्थी स्वतःच्या हातानं करून पाहतो.

हेच काम पुण्यात धंदा म्हणून चालत होतं. १९९०मध्ये रवी पंडित आणि किशोर पाटील यांनी सुरू केलेल्या केपीआयटी कंपनीनं जपानच्या रेनेसास कंपनीच्या एच८ आणि एसएच या चिपसाठी जीसीसीवर आधारलेले संच तयार ठेवले आणि सांभाळले. गाड्यांत, यंत्रांत, घरच्या उपकरणांत बसणाऱ्या या चिप. नॅशनल सेमिकंडक्टरच्या सीआर१६ चिपचं यंत्रवर्णन तर जीसीसीच्या मूळ कोडमध्येच गेलं आणि त्या फाइलींच्या माथ्यावर केपीआयटी कमिन्स हे कंपनीचं तेव्हाचं नाव आलं. पवईनं सफाईच्या सिद्धान्तात भर घातली, पुण्यानं रवानगीच्या टोकाला.

एवढ्यात दुसरा सामायिक बॅक एंडही जगापुढे आला होता. १९८७मध्ये मुंबईच्या आयआयटीतून पदवी घेतलेले विक्रम अडवे इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक होते. २०००च्या अखेरीस त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी ख्रिस लॅटनर यांनी एलएलव्हीएमचं काम सुरू केलं आणि २००३मध्ये ते लोकांना मिळालं. इथे मधली भाषा ही कंपायलरच्या पोटातली खासगी बाब राहिली नाही. ती कागदावर लिहून, नियम बांधून सगळ्यांच्या हाती दिली गेली. नवी भाषा काढणाऱ्यानं आपला प्रोग्रॅम त्या भाषेत उतरवावा, पुढचं एलएलव्हीएम पाहील. २००५मध्ये लॅटनर यांनी ते जीसीसीशी जोडण्याचा प्रस्तावही दिला होता, पण तो मार्गी लागला नाही आणि दोन प्रवाह वेगळेच राहिले. रस्ट, स्विफ्ट, ज्युलिया या भाषा एलएलव्हीएमवर वाढल्या. २०१२चा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार लॅटनर, अडवे आणि एव्हन चेंग यांना मिळाला. प्रवाह दोन राहिले याचं मला वाईट वाटत नाही. एलएलव्हीएम आल्यावर जीसीसीचे चुका दाखवणारे संदेश सुधारले, हे रोज काम करणाऱ्या कुणालाही दिसलेलं आहे.

२०२३मध्ये जीसीसीत मोड्युला-२ ही भाषा आली आणि २०२५च्या आवृत्तीत कोबोल. कोबोलचा जन्म १९५९चा, म्हणजे ती अनकॉलच्या प्रस्तावाच्या पिढीतलीच. बँका आणि विमा कंपन्यांचे जुने हिशेब आजही तिच्यात आहेत. इतक्या जुन्या भाषेला फक्त फ्रंट एंड लिहावा लागला. सफाईचे सगळे टप्पे आणि यंत्रांची वर्णनं तिला आयती मिळाली.

मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत कंपायलर हा विषय अजूनही बहुतेक फळ्यावर आणि वहीत शिकवला जातो. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर जीसीसी बसवता येतो, त्याला एक पैसा लागत नाही. धाराशिव, तुळजापूर इथल्या शिक्षकांनी पुढच्या सत्रात पहिल्या प्रात्यक्षिकाला एवढंच करावं. पाच ओळींचा तोच प्रोग्रॅम एकदा सीमध्ये लिहून घ्यावा, एकदा फोरट्रानमध्ये, दोन्हींचे जिंपलचे कागद मुलांकडून काढून घ्यावेत आणि शेजारी शेजारी ठेवून विचारावं, की कोणता कोणत्या भाषेतून आला ते ओळखा.